डाग, ॲसिड आणि घाई

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग टँकच्या तळाला तपकिरी डाग पडलेत. परवा मीटिंगमध्ये ठरतच आलं होतं... टँक रिकामा करायचा, ॲसिड मारायचं, झाला पांढराशुभ्र! मी एकटाच नको म्हणालो.

अहो, ॲसिड डागाबरोबर त्याखालचं प्लास्टरही खातं. चुना फसफसतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा डाग तिथे जास्तच घट्ट बसतो. शिवाय नळाच्या पाण्याची आठवडा-आठवडा वाट पाहिलेल्या आपल्या शहरात भरलेला टँक गटारात सोडायचा?

आधी डाग कशाचा ते तरी बघा. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यातच डागावर दाबून धरायची. फिकटला, तर लोखंडाचा. बोअरच्या पाण्यातून तो येऊ शकतो. मग क्लोरीन उतरू द्यायचं आणि हेच व्हिटॅमिन पावडरीच्या रूपात पाण्यात सोडायचं. गोळीने नाही पण क्लोरीनने गेला, तर पानांचा किंवा शेवाळाचा. दोन्ही वेळा पाणी टँकमध्येच राहतं.

आपला बीबी का मकबरा बघा. सतराव्या शतकातल्या त्या वास्तूचा बराच भाग संगमरवर नाही, चुन्याचा गिलावा आहे. तोही काळवंडतो. म्हणून तिथे कुणी ॲसिड ओतलं, तर डागाबरोबर नक्षीही जाईल. आमचा टँक काही मकबरा नाही, पण चुन्याचा स्वभाव तोच!

असो. मला पंधरा दिवसांची मुदत मिळाली आहे. काल पायरीवरच्या डागावर गोळी धरली. रुपयाएवढा गोल उजळला. बाकीच्या तळाला धीर लागेल.