विकाऊ घर आणि विजेचं बिल

जुना फ्लॅट विकायला काढला की पुण्या-मुंबईत मालकाला ठरलेला सल्ला मिळतो : रंग काढून घ्या, नळ चकचकीत करा, हॉलमधले दिवे बदला, सौर पॅनेल, गच्चीवरची उष्णतारोधक कामं वगैरे भानगडीत पडू नका, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. सल्ला देणारे एजंट अनुभवी असतात, त्यामुळे तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याकडे भाव चौरस फुटावर ठरतो. बँकेचा व्हॅल्युअर क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि आसपासचे व्यवहार पाहतो. पंखे किती वॅटचे, हे विचारत नाही. इंग्लंडमध्ये घर विकताना त्याची ऊर्जाश्रेणी सांगणारं प्रमाणपत्र द्यावंच लागतं, इथे पुनर्विक्रीच्या घराला तशी सक्ती नाही. हे सगळं खरं धरूनही निष्कर्ष चुकतो. इमारतीचा भाव ठरलेला असला, तरी तिथे विक्रीला असलेल्या तीन सारख्या फ्लॅटपैकी आधी कुठला जाईल आणि घासाघीस कुठल्यावर कमी होईल, हे भाव ठरवत नाही. गृहकर्जाचा हप्ता डोक्यावर घेणारा माणूस महिन्याचा खर्च मोजतोच. तो कमी आहे हे कागदावर दाखवता आलं, तर पर्यावरणपूरक काम विक्रीच्या कामी येतं. नाही तर ती नुसती सजावट.

शेवटच्या मजल्याचं उदाहरण घ्या. स्लॅब दिवसभर तापतो आणि साठलेली उष्णता रात्री खोल्यांत सोडतो; पावसाळ्यात गळतीची भीती वेगळी. म्हणून असे फ्लॅट रखडतात. (मे महिन्यात ते सकाळी लवकर दाखवायची पद्धत आहे, ती उगाच नाही.) यावर उपाय नवा नाही : उतार धरून ब्रिकबॅट कोबा, त्यावर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅइक, किंवा निदान ऊन परतवणारा पांढरा लेप. अहमदाबादेत २०१७ पासून महापालिकेनेच छतं पांढरी करण्याचा कार्यक्रम राबवला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचं धोरण केलं. नीट केलेल्या चायना मोझॅइकने गळती आणि ताप दोन्हींचा बंदोबस्त होतो. हा फरक ज्याला दाखवायचा, त्याला मालकाने बेधडक दुपारी तीनला बोलवावं. पंख्यांचंही तसंच. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३५च्या आत. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला साठेक युनिट वाचतात, आणि तेही बिलाच्या वरच्या, महागड्या टप्प्यातले.

पण वाचलेल्या विजेला गिऱ्हाईक किंमत देतं याला पुरावा काय? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१५ मध्ये आठ राज्यांतल्या सुमारे २२ हजार घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकीची सौर यंत्रणा असलेल्या घराला तिच्या दर वॅटमागे सरासरी चार डॉलर जास्त मिळाल्याचं त्यात दिसलं. अमेरिकेतली स्वतंत्र घरं आणि आपले फ्लॅट एका मापाने मोजता येत नाहीत, हे मान्य. त्यातून एवढंच घ्यायचं की बचत सिद्ध करता येते तिथे बाजार ती मोजतो. आपल्याकडे तो पुरावा विजेच्या बिलाच्या रूपाने घरात पडलेला असतो. ‘बिल कमी आहे, कारण घरात माणसं दोनच,’ ही शंका रास्त आहे. तिला उत्तर म्हणजे त्याच कुटुंबाची, त्याच महिन्यांची, कामाआधीची आणि नंतरची बिलं शेजारी शेजारी ठेवणं. साहजिकच काम विक्रीच्या आधी निदान एक उन्हाळा व्हायला हवं. आयत्या वेळी बाल्कनीत लावलेली कुंड्यांची भिंत आणि प्लास्टिकची हिरवळ कुठलंच बिल उतरवत नाही. त्यांना हसणाऱ्या एजंटच्या बाजूने मी आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप गच्चीच्या मालकीचा. ती सोसायटीची, एकट्या सभासदाने पॅनेल लावायची कुठे? बंगलेवाल्याची गोष्ट सोपी : २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि एवढी यंत्रणा महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देते. फ्लॅटवाल्याने मात्र स्वतःच्या मीटरचा हट्ट सोडून लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठीचा ठराव सर्वसाधारण सभेत आणावा. त्याच योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. उतरतो तो मेंटेनन्स, आणि गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न तोच असतो. पुण्याच्या कडेच्या भागांत त्या मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च मिसळलेला असतो, म्हणून तिथे बोअरचं पुनर्भरण पॅनेलपेक्षा आधी. चालू स्थितीतल्या अशा प्रकल्पांना पुणे महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलतही देते. घर तीनच महिन्यांत विकायचं असेल, तर सौर ठरावाच्या मागे न लागता पंखे बदलावेत, पावसाचं पाणी मुरवायला इमारतीच्या मंजुरीपुरता खणलेला आणि आता गाळाने भरलेला शोषखड्डा सोसायटीकडून उपसून घ्यावा आणि त्या कामाच्या पावतीची प्रत शेअर सर्टिफिकेटच्या फाइलला लावावी.