मागणाऱ्याला अधिवास, देणाऱ्याला नाही

वडोदऱ्यात नोकरीनिमित्त आलेल्या एखाद्याचा अपघातात मेंदूमृत्यू झाला आणि कुटुंबाने होकार दिला, तर त्याचे मूत्रपिंड घेताना अधिवासाचा दाखला कोणी मागत नसे. तोच माणूस डायलिसिसवर असता, तर गुजरातच्या प्रतीक्षायादीत नाव घालताना तो दाखला आडवा येई. गुजरात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये ही अट रद्द केली. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानेही राज्यांना अधिवासाची अट, 65 वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणीशुल्क काढून टाकण्यास सांगितले. रिफायनरी आणि विद्यापीठामुळे परप्रांतीयांची वर्दळ असलेल्या, गायकवाडी काळापासून मराठी घरे नांदणाऱ्या या शहरासाठी ही बाब किरकोळ नव्हती.

गोव्यासाठीही नाही. गुजरात, महाराष्ट्र व गोवा एकाच विभागीय अवयवदान संस्थेच्या कक्षेत येतात. तिचे कार्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. लहान राज्यात प्रत्येक अवयवाला जुळणारा रुग्ण मिळेलच असे नाही, आणि हृदय तर चार ते सहा तासांपलीकडे थांबत नाही. राज्याच्या सीमांना या हिशेबात फारसा अर्थ उरत नाही.

अट गेली, तरी देणारे वाढतातच असे नाही. भारतात मरणोत्तर दात्यांचे प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातलगांच्या अवयवांवरच होतात. प्रतिज्ञापत्र भरणाऱ्यांची गर्दी ऑगस्टमधील कार्यक्रमांत दिसते, पण प्रत्यक्षात अंतिम शब्द आप्तांचा असतो. सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून डॉक्टरांचे मंडळ मेंदूमृत्यू घोषित करते. तेव्हा छातीचा भाता हलत असतो, अंग उबदार असते. अशा वेळी ‘गेला’ हे पटणे कठीण. घरात आधी कधी हा विषय निघालाच नसेल, तर नकार स्वाभाविक आहे, त्याला अज्ञान म्हणणे उद्धटपणाचे ठरेल.

नेत्रदानाचे तसे नाही. मृत्यू घरी झाला तरी सहा तासांच्या आत नेत्रपटल काढता येते. रक्तदान तर पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा करता येते.

खरी कसोटी अतिदक्षता विभागाची आहे. 2011 च्या कायदादुरुस्तीने नातलगांना अवयवदानाविषयी विचारणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरवले. पण मेंदूमृत्यू घोषितच झाला नाही, तर विचारण्याची वेळच येत नाही. आणि वडोदऱ्यात काय, बांबोळीत काय, न विचारलेल्या कुटुंबांची गणती कोणत्याही प्रतीक्षायादीत दिसत नाही.