जोडीची वाट

लग्नास वीस वर्षे लोटली, तरी शेत व बाजार यांपलीकडे जोडीने कोठे गेलीच नाहीत, अशी दांपत्ये आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. त्यांस आमचे सांगणे, की पाऊस ओसरताच एक दिवस काढावा व निपाणीहून मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरीचा जलाशय, दाजीपूरचे रान आणि फोंडाघाट पाहून यावे.

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी आरंभिले; १९२२ साली ते निवर्तले, काम पुढे तडीस गेले. भर पावसात पाणी ठराविक पातळीस पोहोचताच त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात व बांधावरील भार हलका होतो. मनात साठलेलेही असेच वेळीच वाहू द्यावे. घरच्या गलबल्यात राहून गेलेले बोलणे घाटाच्या वाटेवर सहज ओठी येते. प्रसंगी ते कडू असेल. तरी ऐकून घ्यावे.