शर्यत वेगळी, मस्ती वेगळी

मंडळी, पुण्याच्या डायना पुंडोलेचं मी कौतुक केलं की आपल्याच नात्यातले काही जण नाक मुरडतात. "काकू, तुम्ही शिक्षिका ना? गाड्या पळवणाऱ्यांचे गोडवे कसले गाता? पोरं बिघडतात त्यानं." समोरासमोर वाद वाढतो, म्हणून इथे लिहिते.

आधी तिने काय केलं ते ऐका. २०२४ साली एमआरएफच्या राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत तिने सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. सलून म्हणजे आपण रोज पाहतो तशीच बंद टपाची गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचं मूळही अशाच बाजारातल्या गाड्यांत आहे. बायकांचा वेगळा गट नव्हता, पुरुषांशीच सामना होता. राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि बरं का, तीही पूर्वी शिक्षिकाच होती!

आता पोरं बिघडण्याबद्दल. आमच्या हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला कोल्हापूरचा रस्ता मिळतो. उतारावर उलटलेले टँकर आम्ही पाहिलेत. मी शिकवलेली दोन मुलं या महामार्गाने नेली. एकाचं हेल्मेट आरशाला लटकवलेलं होतं. त्यांना हे कुठल्या रेसिंगवाल्याने शिकवलं होतं?

ट्रॅकवर लायसन्सशिवाय उतरता येत नाही. गाडीची तपासणी होते. आत लोखंडी पिंजरा, अंगावर आगीला तोंड देणारे कपडे, डोक्याला हेल्मेट. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की शर्यत थांबली. काळा झेंडा दाखवला की मुकाट्याने बाहेर यायचं. रुग्णवाहिका आधीपासून उभी. आपल्याकडे वळणावर मधली रेघ ओलांडून पुढे घुसणाऱ्याला कोण झेंडा दाखवतं?

पोरं फक्त वेग बघतात, हे खरं. मग बाकीचं सांगायचं कोणी? आपणच ना! पण आपण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देतो आणि "आमचा बाळ आत्ताच चालवतो हो" म्हणून मिरवतो. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे किती आईबापांना ठाऊक आहे?

तेव्हा नावं ठेवायचीच असतील तर त्या किल्लीला ठेवा. डायनाचा फोटो मात्र मुलांना जरूर दाखवा, आणि तिने डोक्यावर काय घातलंय, पट्टे कसे आवळलेत, तेही बोट ठेवून दाखवा.

पटलं नाही तर खुशाल भांडा. पण घरातली किल्ली आधी वर ठेवा.