फुलावरील मालकी आणि बियाण्याचे स्वातंत्र्य

ऑर्किड हे धनिकांच्या दिवाणखान्यातले फूल. त्याच्या वाणांना पेटंटचे संरक्षण मिळाले काय किंवा न मिळाले काय, कष्टकरी शेतकऱ्याचे त्यात काय जाते, असा प्रश्न काही साथी विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाचे उत्तर निराळे आहे. वनस्पतींवरील खासगी मालकी शेतात शिरली ती फुलबागेच्या फाटकातूनच.

अमेरिकेने १९३० साली वनस्पती पेटंट कायदा केला, तो कलमांनी वाढविल्या जाणाऱ्या झाडांपुरता. बियाण्याची पिके आणि बटाट्यासारखे कंद त्यातून वगळले होते. १९३१ मधील पहिले पेटंट एका वेली गुलाबाला मिळाले. १९७० च्या कायद्याने बियाण्यापासून होणारे वाणही संरक्षणाखाली आले आणि १९८५ मध्ये मक्याला सर्वसाधारण पेटंटचे दार उघडले. गुलाबापासून धान्यापर्यंतची ही मजल अवघ्या पंचावन्न वर्षांची!

ज्यावर ही मालकी सांगितली जाते, ते कोणाच्या श्रमाचे फळ आहे? ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. रानात ते बुरशीच्या साहाय्याशिवाय रुजत नाही. १९२२ साली नडसन या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत ते बुरशीविना रुजविले. १९६० साली फ्रान्सच्या सरकारी कृषिसंशोधन संस्थेतील मोरेल यांनी अंकुराग्रापासून एकाच झाडाची असंख्य हुबेहूब रोपे करण्याची वाट दाखविली. आजचा ऑर्किड-व्यापार या सामाजिक ज्ञानावर उभा आहे.

आणि मूळ झाडे? १८५० साली हूकर यांनी खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात हमालांची ओझी लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांतली थोडीच इंग्लंडला जिवंत पोहोचली. याच निळ्या व्हँडाच्या संकरातून पुढे मोलाचे वाण निघाले. ज्यांच्या रानातून ती गेली, त्या खासी जनतेची मात्र मालकीच्या कागदावर नोंद नाही.

नवा वाण घडविणाऱ्याचे श्रम वर्षानुवर्षांचे असतात. त्यांचा मोबदला कोणी नाकारीत नाही. पण शेवटच्या पायरीवर उभा राहणारा सबंध जिन्याचा मालक ठरत नाही.

भारताच्या पेटंट कायद्यात वनस्पतींना पेटंट नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाणनिर्मात्याला संरक्षण दिले, तसेच संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि छापाविना विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. मूळ वाण जपणाऱ्या समूहांना लाभात वाटा मागण्याची तरतूदही त्यात आहे. उलट, १९९१ चा आंतरराष्ट्रीय ‘यूपोव्ह’ करार वाणनिर्मात्याचे अधिकार वाढवितो आणि शेतकऱ्यांमधील बियाण्याची देवाणघेवाण व विक्री यांना थारा देत नाही. त्याचे सदस्य व्हा, असा श्रीमंत देशांचा आग्रह व्यापारी वाटाघाटींत होत आला आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: या कराराला नकार, लाभवाटपाच्या तरतुदीची प्रत्यक्ष अंमलबजावणी आणि सार्वजनिक संशोधनाला पुरेसा निधी. किसान सभांच्या बैठकीत बियाण्याच्या प्रश्नाबरोबरच फुलाचा प्रश्नही मांडला गेला पाहिजे. दोन्हींवर हक्क सांगणारा हात एकच आहे.