खांद्याचा घसारा

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे रेल्वे स्थानकाचे गाव. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की आडत दुकानातील काटा थांबत नाही आणि काट्यापासून थप्पीपर्यंत पोती नेणाऱ्या हमालालाही थांबता येत नाही. 50 किलोची 100 पोती उचलली, तर दिवसाकाठी 5 टन भार होतो. त्यांत सर्वाधिक घातक ठरते ते डोक्याहून उंच थरावर चढवायचे पोते.

याचे कारण खांद्याच्या रचनेत आहे. हा सांधा शरीरात सर्वांत मोकळा. त्याची खोबण उथळ असल्याने चार स्नायूंच्या कंडरा त्याला सावरून धरतात. त्यांतील वरची कंडरा हाडाच्या कमानीखालून जाते. भारासह हात वारंवार डोक्यावर गेला की ती दाबली जाते, सुजते, झिजते आणि काहींची अखेर फाटते. प्रारंभी हात वर नेताना कळ येते. मग त्या कुशीवर झोप लागत नाही. पुढे सदरा घालणेही कठीण होते. तरी हमाल तेल चोळून कामावर येतो, कारण मजुरी पोत्यामागे मिळते.

पेढीच्या वहीत वाहनाचा आणि काट्याचा घसारा दरवर्षी लिहिला जातो. खांद्याचा घसारा मात्र हमालाच्या घरी सोसला जातो. महाराष्ट्राच्या 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळाकडे नोंदणी आणि मालकाने मजुरीखेरीज भरावयाची लेव्ही यांची तरतूद केली, ती हाच भार वाटून घेण्यासाठी. श्रावकाला तर हे कायद्याच्या कितीतरी आधी सांगितलेले आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’, म्हणजे शक्तीपलीकडे भार लादणे, गणले आहे. त्याचा अर्थ सांगताना बैलाचे उदाहरण देण्याची रीत आहे. थप्पीजवळ उभ्या माणसालाही ते तितकेच लागू पडते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जागा असेल तेथे थप्पी खांद्याच्या उंचीपर्यंतच ठेवावी. उंच लावणे भागच असेल, तर उभे राहण्यास भक्कम चौथरा द्यावा, पोते दोघांनी मिळून उचलावे आणि वरच्या थराची पाळी बदलत राहावी. रात्रीची झोप मोडणाऱ्या दुखण्यावर केवळ तेल पुरे नाही. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वेळीच दाखवल्यास पुष्कळदा विश्रांती आणि व्यायाम यांनीच आराम पडतो. त्या विश्रांतीच्या दिवसांची मजुरी पेढीने द्यावी आणि ती वहीत घसाऱ्याच्या शेजारी लिहावी.