घरातलं वायरिंग : कोणतं काम कळवायचं, कोणतं नाही?

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या पिढीच्या बऱ्याच घरांत फोनवर एकच बोलणं चालतं. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला, आई-बाबा बालाघाटला. "बाबा, एसी ऑर्डर केलाय, उद्या मिस्त्री येऊन लावून देईल." बाबांचा प्रश्न ठरलेला, "अरे, बिजली ऑफिसात सांगावं लागेल का?" आणि मुलाचं उत्तरही ठरलेलं, "काही नाही हो बाबा, प्लग लावला की झालं!"

बाबांचा प्रश्न बरोबर असतो. त्याचं नीट उत्तर या वेळच्या सदरात देतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. घरातल्या विजेच्या कामाचा नियम देशभर एकच आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत तो ४५ व्या क्रमांकावर होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि आता २०२३ च्या विनियमांत तो आला. म्हणजे बालाघाटला जो नियम, तोच गोंदियाला. फरक एवढाच की आपल्याकडे जबलपूरची पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनी आणि तिकडे महावितरण.

या नियमानुसार कामांचे सरळ गट पडतात.

पहिला गट : बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलणं. जुनं काढून तसंच नवं लावलं, वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदललं नाही, तर कोणाला कळवायचं नाही, कोणाची परवानगी नाही. फक्त मेन बंद करून काम करा.

दुसरा गट : नवी लाईन ओढणं, जुनी वायर बदलणं, डीबी बदलणं, माडीवर नवी खोली काढून तिथे वायरिंग करणं. हे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. एकूण भार मंजूर भारात बसत असेल, तर भार वाढवण्याचा अर्ज लागत नाही. पण ठेकेदाराकडून सहीचा चाचणी अहवाल जरूर घ्या. तो कागद उद्या कामाला येतो.

तिसरा गट : वीज कंपनीकडे अर्ज करावाच लागतो अशी कामं. यात भार वाढणं, मीटरची जागा बदलणं, छतावर सोलर बसवणं आणि जोडणीचा उपयोग बदलणं येतं. समोरच्या खोलीत किराणा दुकान किंवा शिकवणी वर्ग सुरू केला, तर घरगुती जोडणीवर तो चालवता येत नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे असा वापर अनधिकृत ठरतो आणि त्या काळाची आकारणी दुप्पट दराने होते. कधीपासून चालू आहे हे कळलं नाही, तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरले जातात.

आता एसीचा हिशोब करू. बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. समजा तो २ किलोवॅट आहे. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, गीझर २ किलोवॅट, इंडक्शन शेगडी २ किलोवॅट. तिन्ही एकदम चालू झाले की साडेपाच किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ २४ अँपिअर. पंखे-दिव्यांसाठी टाकलेल्या जुन्या वायरीला हे झेपत नाही. ती आतून तापत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आपल्या जुन्या कौलारू घरांत लाकडी पट्ट्यांवरचं वायरिंग अजून आहे. पुष्कळ ठिकाणी त्यात अर्थिंगची तार नाही. अशा घरात गीझरच्या धातूच्या अंगात करंट उतरला, तर त्याला हात लावणारी व्यक्ती सहसा आईच असते. म्हणून ३० मिलीअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, हे दोन खर्च एसीच्या आधी करा.

सोलरचं कारण वेगळं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे अर्ज तर होतोच. पण कळवण्यामागचं खरं कारण खांबावर चढलेला लाईनमन आहे. लाईन बंद आहे असं समजून तो काम करतो. आपल्या घरातला जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेला असेल, तर वीज उलटी त्याच्या हातापर्यंत जाते. कोणाच्या छतावर काय आहे, हे कंपनीला माहीत असणं म्हणूनच गरजेचं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चालू सिस्टिममधला प्रत्येक बदल नोंदवतो, कारण त्यावर दुसराही कोणी काम करत असतो. इथेही तसंच आहे, फक्त इथे चूक रीस्टार्ट करून सुधारत नाही.

गावाकडचं घर बंद ठेवणाऱ्यांसाठी एक नियम. पुरवठा तोडून सहा महिने झाले असतील, तर पुन्हा जोडण्याआधी कंपनी वायरिंगची चाचणी करते किंवा परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा अहवाल स्वीकारते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तिथेच सापडतात. ही अडवणूक समजू नका.

आणि आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी : रस्त्यावर, किंवा १०० वा अधिक माणसं जमतात अशा जागी २५० वॅट आणि १०० व्होल्टच्या वर वीज वापरायची, तर कलम ५४ प्रमाणे किमान ७ दिवस आधी विद्युत निरीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना लेखी सूचना द्यावी लागते. गणपतीचा मांडव यात येतो. तात्पुरत्या जोडणीचा अर्ज वेगळा.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे नवं नाही. तिथे २००५ पासून घरातली नवी सर्किट, फ्यूज बोर्ड बदलणं किंवा न्हाणीघरात शॉवर-टबाजवळचं काम स्थानिक बांधकाम विभागाला कळवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने काम केलं, तर तोच प्रमाणपत्र देतो.

आपल्याकडे वेळही फार लागत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे नवी जोडणी किंवा जोडणीतला बदल नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत व्हायला हवा. तक्रारीसाठी १९१२ आहेच.

तेव्हा या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा बाबांना तीन गोष्टी विचारा : बिलावर मंजूर भार किती, डीबीमध्ये आरसीसीबी आहे का, आणि शेवटचं वायरिंग कोणी केलं. तिसऱ्याचं उत्तर "आपला नेहमीचा पोरगा" असं आलं, तर परवानाधारक ठेकेदाराला एकदा घर दाखवा. एसी आठवडाभर उशिरा लागला तरी चालेल.